कागदावर नसलेलं नाव

शेवटचं पान आधी उघडून बघणाऱ्या माणसाबद्दल दाफिनाचं मत एकदा बनलं की ते बदलत नसे. शहरातल्या वाचनालयात तिने एकतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. तेवढ्या काळात नगरपालिकेतले दोन साहेब, एक दातांचा डॉक्टर आणि खुद्द तिचा नवरा अशी चार माणसं या बाबतीत तिच्या मनातून उतरली होती. नवऱ्याला तिने माफ केलं, पण ते तो गेल्यावर. रहस्यकथा म्हणजे तिचा जीव की प्राण. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत अशी पुस्तकं वर्षाला जेमतेम चार-पाच निघायची, आणि ती मिळवायला माणसं मांसाच्या रांगेतला नंबर सोडून पुस्तकांच्या रांगेत यायची. हे वेड तिने लेकीला लावलं, रोसित्साला. रोसित्सानं ते पोरीला दिलं, आणि मग पोरीला आईकडे सोपवून ती इटलीला गेली, एका म्हातारीची सेवा करायला. शहरातल्या निम्म्या बायका तिकडेच होत्या. पोरीचा बाप कधीच दुसरं घर करून बसला होता, तेव्हा त्याचं नाव काढण्यात अर्थ नाही.

नात बिल्याना दहा वर्षांची होती. शाळा दुपारी एकला सुटे, आणि जेवण झालं की अंगणात दोघींची बैठक बसे. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे लाल मिरच्यांचे दिवस. दाफिना मिरच्या भाजायची, सोलायची, आणि बिल्याना मोठ्यानं वाचायची. रोज एक प्रकरण. मधेच कोणीतरी थांबवायचंच.

"माळी नाही हं आजी. तू प्रत्येक पुस्तकात माळ्यावरच संशय घेतेस."

"माळ्याकडे फावडं असतं. ज्याच्याकडे फावडं आहे, त्याच्यावर लक्ष ठेवावं."

"मग तुझ्याकडे पण आहे की."

"माझ्यावरही ठेव."

या वर्षी समुद्रकाठच्या एका हॉटेलातल्या खुनाची गोष्ट चालू होती. हॉटेल हिवाळ्यात बंद, आत अकरा माणसं, आणि एक कर्नल जिन्याखाली मरून पडलेला. तेवीस प्रकरणं. बिल्यानाचा संशय जुळ्या बहिणींपैकी थोरलीवर होता, कारण ती सगळ्यांशी फार गोड वागत होती. "जो उगाच गोड वागतो ना आजी, त्याला काहीतरी लपवायचं असतं," असं ती म्हणाली, तेव्हा दाफिनाच्या हातातली मिरची सोलायची तशीच राहिली.

कारण रोसित्सा गेली होती. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, तिकडे इटलीत बाजार करून सायकलवरून परत येताना तिला एका गाडीनं उडवलं. फोन सकाळी आला, पोरगी शाळेत असताना. दाफिना ओसरीवरच्या खुर्चीत बसली, आणि एक वाजायला आला तेव्हा तोंड धुऊन उठली आणि तिने भेंडीचं सूप गरम केलं. पोरगी आली, हात न धुता पाव तोडायला लागली, नव्या बाईंची नक्कल करून दाखवायला लागली, आणि दाफिना हसली. ते हसणं तिला नंतर फार महागात पडलं. त्या वेळी सांगितलं नाही, मग संध्याकाळी सांगवेना, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं खोटं सांभाळायचं होतं.

इटलीहून शवपेटी यायची होती तेव्हा तिने बिल्यानाला चार दिवस शहरापलीकडे आपल्या मामेबहिणीकडे पाठवलं. कारण सांगितलं, स्वयंपाकघराला चुना लावायचाय. लेकीला दाफिनाच्या माहेरच्या खेड्यात रोसित्साच्या बापाशेजारी पुरलं. सबब खोटी ठरू नये म्हणून दुसऱ्या दिवशी दाफिना डोक्याला फडकं बांधून शिडीवर चढली आणि तिने खरंच चारही भिंतींना चुना लावला. रडायचं काय ते तिने शिडीवर उरकून घेतलं.

कोणी गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, खांबांवर, बसथांब्यावर लावायचा, ही आमच्याकडची रीत. खाली शोक करणाऱ्यांची नावं. चाळीसाव्या दिवशी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, मग वर्षाला. ज्या दारावर कागद नाही त्या दारामागचं माणूस जिवंत, हा इथला साधा हिशेब. दाफिनानं शहरात एकही कागद लावला नाही. फक्त खेड्यात लावले, ते पण धाकट्या बहिणीनं, त्सोनानं, हट्ट धरला म्हणून. मग ती गल्लीत दारोदार फिरली. पोरीला कळू देऊ नका, मीच सांगेन. समोरच्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण तिनेही डोळे पुसून वचन दिलं आणि पाळलं. दुकानदार बिल्यानाच्या पिशवीत गुपचूप चॉकलेट टाकू लागला. गणिताच्या बाईंनी न केलेल्या गृहपाठाला सहापैकी सहा गुण दिले.

बिल्याना येऊन म्हणाली, "सहा दिले मला. वही कोरी होती."

"बाईंना चष्मा लागला असेल," दाफिना म्हणाली.

आणि रविवार. रोसित्साचा फोन रविवारी यायचा. आता तो येईना. मग दाफिना सांगायची, तू शाळेत असताना मंगळवारी येऊन गेला, म्हातारीची तब्येत बिघडलीय, रविवारची सुट्टी बंद झालीय. आई म्हणत होती दात घासत जा. आई म्हणत होती थंडी पडायला लागली, मफलर घाल. एकेक वाक्य ती रात्रभर जुळवायची, रोसित्सा कशी बोलेल तसं. बिल्याना ऐकायची आणि म्हणायची, "बरं."

तीस दिवस झाल्यावर एका सकाळी त्सोना खेड्यातून अक्रोड घेऊन आली. दाफिना काळं फडकं बांधून बसली होती. पोरगी शाळेत असेपर्यंत ती काळं बांधायची, आणि पाऊण वाजता काढून उशीखाली ठेवायची.

"ताई, अजून किती दिवस?"

"हे पुस्तक संपलं की सांगते."

"पुस्तक संपलं की. देवाला पण हेच सांगणार आहेस?"

"देवाला वाचायची आवड असेल तर त्याला समजेल."

"थट्टा करू नकोस. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. शनिवारी पुढच्या, चाळीसावा आहे. पोरीनं आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला नको? का ते पण तूच लावणार तिच्या नावानं?"

"ती हसते गं अजून," दाफिना म्हणाली. "शाळेतून येते आणि हसते. ते माझ्या हातून थांबवायचं म्हणजे..." त्सोनानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघी बहिणींमध्ये ठरलं की शुक्रवारी तेविसावं प्रकरण वाचायचं आणि पुस्तक मिटलं की सांगायचं.

हिशेब बरोबर होता, पण पुस्तक काही पुढे सरकेना. आधी फडशा पाडणारी पोरगी आता मागे मागे जायला लागली होती. "जिन्यावर कोण होतं ते विसरले, सतरावं परत वाचते." "स्वयंपाकीण खोटं कधी बोलली? बाराव्यात ना? बघते." वाचायची पण हळूहळू, स्वल्पविरामाला सुद्धा थांबून. दाफिनाला तर ते देवानंच धाडलेलं वाटलं. तिने एकदाही विचारलं नाही की जिचं डोकं एवढं तल्लख, ती अचानक कशी विसरायला लागली. पन्नास वर्षं पुस्तकातले खुनी पकडले बाईनं, आणि दिव्याखाली हा अंधार.

तरी रडतखडत गुरुवारी बाविसावं संपलं. शुक्रवारी जेवण झाल्यावर दाफिनानं टेबल स्वतः पुसलं. मिरच्यांची शेवटची टोपली होती. बिल्याना पुस्तक मांडीवर घेऊन बसली आणि तिने ते उघडलंच नाही.

"वाच की. तेविसावं."

"नको."

"नको म्हणजे? खुनी कोण ते कळायला नको?"

"नको. मला शेवटचं प्रकरण नको. हेच नाही, कुठलंच नको."

"अगं, एवढं गोड गोड वागणारी तुझी ती थोरली..."

"आजी," बिल्याना म्हणाली, "आई माझ्यावर रागावून मेली का?"

अंगणात नुसता भाजलेल्या मिरच्यांचा वास होता. दाफिनाला आधी वाटलं, समोरची बाई बोलली. मग वाटलं, दुकानदार. असल्या वेळीसुद्धा तिचं मन गुन्हेगार शोधत होतं.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. सहलीला मठात नेलं होतं ना, तेव्हा. तू डब्यात चीज भरलेला बनित्सा दिला होतास. तुझ्या गावाजवळ बसचं पाणी उकळलं, म्हणून झऱ्यापाशी थांबवली. तिथं कागद होता. आईचा, निळ्या कॉलरवाला फोटो."

दाफिनाला ती सहल आठवली. रोसित्साला जाऊन बारा दिवस झाले होते. पोरगी अर्धा बनित्सा तसाच परत घेऊन आली होती, पोट दुखतंय म्हणून. त्यानंतरच ते सतरावं प्रकरण परत परत चालू झालं होतं. म्हणजे सत्तावीस दिवस. सत्तावीस दिवस ही पोरगी दात घासायचे निरोप ऐकून बरं म्हणत होती.

"बोलली का नाहीस, माझ्या राणी?"

"तू पण नाही बोललीस." बिल्याना पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून नख फिरवत होती. "खाली नावं होती. आई दाफिना, मावशी त्सोना आणि नातेवाईक. मी दोनदा वाचलं. माझं नव्हतं. वर्गातल्या पेत्याच्या आजोबांच्या कागदावर तिच्या तान्ह्या भावाचं पण नाव आहे. त्याला तर आजोबा माहीत पण नाहीत."

"बिल्ये..."

"फोनमुळे ना? तू हाक मारलीस, आईचा फोन आलाय म्हणून. मी म्हटलं पुढच्या रविवारी बोलते. माझी दोनच पानं राहिली होती. शेवटच्या प्रकरणाची." तिचा आवाज अजून सरळ होता, वाचताना असतो तसा. "म्हणून नाव काढलं ना माझं?"

दाफिनानं पोरीचे हात आपल्या काळ्या झालेल्या हातांत घेतले. "कोणी काढलं नाही गं. मी घातलंच नाही. तो कागद मी लिहिलाय. ज्या लेकराला माहीतच नाही, त्याच्या नावानं दुखवटा कसा छापायचा, असं वाटलं मला. अपशकुन वाटला. वाटलं, नाव नाही घातलं तर जणू तुझ्यापुरतं झालंच नाही. मी चुकले. म्हातारी झाले आणि चुकले."

"आणि आई?"

"आई मुळीच रागावली नाही. तिनं विचारलं, कुठवर आलीय? मी म्हटलं, दोन पानं राहिलीत. तर हसली. हसली आधी, आणि मग म्हणाली, मग मुळीच उठवू नकोस तिला, मला उठवलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं."

बिल्याना तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेची दाफिनाला चांगलीच ओळख होती. वाचताना एखाद्या पात्रावरचा विश्वास उडाला की पोरगी मान किंचित तिरकी करून अशीच बघायची.

"हे खरं आहे," पोरीनं विचारलं, "का मफलरसारखं?"

खरं होतं. शब्द न् शब्द खरं होतं. पण दाफिनाकडे त्याला साक्षीदार नव्हता. पाच आठवडे तिने मेलेल्या लेकीच्या तोंडी मफलर घातला होता, दात घातले होते, थंडी घातली होती, आणि आता लेकीचं एकुलतं एक खरं वाक्य त्याच ढिगात जाऊन पडलं होतं. ते वेगळं काढून दाखवायला तिला काहीच सापडेना.

"खरं आहे," ती म्हणाली. "आईशपथ."

"बरं," बिल्याना म्हणाली. आणि मग ती रडली, पुस्तक पोटाशी धरून, टेबलावर वाकून. दाफिनानं तिला जवळ ओढलं, तेव्हा आली, पण सगळी नाही आली.

छापखाना पाचपर्यंत उघडा होता. तिथल्या माणसानं ठरलेला मजकूर काढला, आपल्या लाडक्या रोसित्साविना चाळीस दिवस, आणि विचारलं, शोक करणारे कोण? दाफिना तोंड उघडणार तोच बिल्याना टाचा उंच करून खिडकीपाशी गेली. "मुलगी बिल्याना," ती म्हणाली. "ते आधी लिहा. मग आई दाफिना." तो माणूस दाफिनाच्या वाचनालयात वर्षानुवर्षं येणारा होता. त्यानं मान खाली घालून लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी निघताना पहिला कागद त्यांनी स्वतःच्या दारावर लावला. समोरची बाई खिडकीत उभी राहून मोकळेपणी रडली, इतके दिवस तुंबलेलं. मग त्या बसने खेड्यात गेल्या, साखर घातलेले शिजवलेले गहू, पाव, वाइनची बाटली आणि खळीची बादली घेऊन. थडग्यावर पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. बिल्यानानं मेणबत्ती वाळूत रोवली, आणि वाऱ्यानं ती विझली तशी परत लावली, आणि परत. त्सोनानं द्रोणात गहू वाटले. मग पोरगी उठली आणि म्हणाली, "आता जुने कागद."

दहा ठिकाणी होते. चर्चचं दार, दुकान, दोन खांब, बसथांबा, झरा आणि असेच इकडे तिकडे. बिल्यानानं जुना एकही फाडला नाही. वर खळ लावायची, नवा कागद बरोबर त्याच्यावर ठेवायची आणि मधून कडेला तळहातानं दाबत न्यायची, आत एक बुडबुडा राहू न देता. दाफिना बादली धरून मागे मागे चालत होती. पोरीनं तिला एकही कागद लावू दिला नाही.

झऱ्यापाशी एक म्हातारी घागर टेकवून बसली होती. तिने कागद जवळून वाचला, मग पोरीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कुणाची गं तू?"

"रोसित्साची," बिल्याना म्हणाली, आणि आपल्या नावाखाली बोट ठेवलं. "ही मी."

म्हातारीनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि तिला जवळ घेतलं. त्या परक्या बाईच्या खांद्यावर पोरगी सगळीच्या सगळी गेली. दाफिना बादली घेऊन बघत राहिली.

परतीच्या बसला वेळ होता. थांब्यावर दोघी बसल्या, पाठीमागच्या काचेवर ओला कागद. बिल्यानाच्या बोटांवर खळ वाळून पांढरी झाली होती आणि पोरगी ती खरवडत होती.

"आजी, परत सांग. फोनवर आई काय म्हणाली."

संशयिताची जबानी दुसऱ्यांदा का घेतात हे दाफिनाला पक्कं ठाऊक होतं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सावकाश, एकेक शब्द सांभाळत सांगितलं. "तिनं विचारलं, कुठवर आलीय. मी म्हटलं, दोन पानं राहिलीत. ती म्हणाली, मग मुळीच उठवू नकोस तिला, मला उठवलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. आणि हसली."

"काल म्हणालीस, आधी हसली."

दाफिनानं डोळे मिटले. ओसरी, भिंतीवरचा फोन, वायरीत नेहमीची खरखर, आणि लांबून येणारा रोसित्साचा आवाज. दोन पानं राहिलीत, असं आपण म्हटलं, आणि मग. हसू तिला स्पष्ट ऐकू येत होतं. पण ते कुठे होतं, आधी की नंतर, हे तिने पुन्हा पुन्हा ऐकून पाहिलं, आणि जितकं ऐकावं तितकं ते जागा बदलत गेलं.

"आजी? आधी की नंतर?"

वळणावर बस दिसली. आधी की नंतर, ते दाफिनाला खरंच आठवेना, आणि आता खोटं बोलायची तिची छाती होईना.

"आठवत नाही गं," ती म्हणाली.

बिल्यानानं मान डोलावली, रिकामी बादली उचलली आणि आजीच्या पुढे बसमध्ये चढली.